नऊ मिलिग्राम पाणी

बाळापूरच्या बस स्टँडकडून किल्ल्याकडे जाताना डाव्या हाताला बशीरभाईंचं दुकान होतं. पाटीवर नुसतं 'बॅटरी' एवढंच लिहिलेलं. मालकाचं नाव लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तिथं यायच्या. बशीरभाई त्यांची झाकणं काढून आत डोकावायचे, काचेच्या नळीनं आतलं ॲसिड ओढून त्याची ताकद बघायचे, पातळी खाली गेली असेल तर शुद्ध पाणी घालायचे आणि चार्जिंगला लावून द्यायचे. ॲसिडचे शिंतोडे उडून त्यांच्या प्रत्येक शर्टाला पोटापाशी बारीक भोकं पडलेली. लहानपणी नाजियाला वाटायचं, बापाचे शर्ट बाजारात असेच मिळतात.

घरात उर्दू आणि वऱ्हाडीची सरमिसळ चालायची. वाक्य एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसरीत संपायचं. नाजिया धाकटी. तिच्याहून चार वर्षांनी मोठा तनवीर बारावीनंतर आपणहून दुकानात बसला. त्याला पुस्तकांचा कंटाळा होता, पण तारेच्या दोन टोकांना जोड द्यायला त्याच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता. नाजियाला डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, त्यानंच शिकवलं. ती एम.एस्सी.ला अमरावतीला जाणार म्हटल्यावर नातेवाइकांत कुजबुज झाली. तनवीरनं कुणाशी वाद घातला नाही. तिची वळकटी खांद्यावर टाकली, एसटीत शेजारी बसला आणि तिला होस्टेलच्या दारापर्यंत सोडून आला.

त्याच सुमाराला गावोगावच्या शेतांत चार्जिंगचे फवारणी पंप आले होते. कापसावर पूर्वी हंगामात तीनचार फवारण्या व्हायच्या, त्या आठदहावर गेल्या होत्या. अळी मरत नव्हती, औषधं बदलत होती, माणसं थकत होती. हातानं दांडा मारायचा पंप सुटला हे बरं झालं, पण नव्या पंपातली शिशाची बॅटरी भलतीच जड. मैना नावाची एक मजूर बाई पातूरकडच्या खेड्यातून एक दिवस दुकानात आली आणि पंप काउंटरवर आदळून म्हणाली, "भाऊ, हा धोंडा पाठीवर घेऊन दिवसभर चालवत नाई. याचं काई हलकं होत असन तं करून द्या."

तनवीरनं ते मनावर घेतलं. अकोल्याच्या भंगारवाल्यांकडून त्यानं जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे सेल आणले, त्यातले चांगले निवडले, त्यांची जुडी बांधली आणि वर लाल टेप गुंडाळला. शिशाच्या बॅटरीच्या पाव वजनाचं काम झालं. मैना आठ दिवसांनी परत आली ती आणखी तिघींना घेऊन. दुसऱ्या हंगामात पंपांसाठी दुकानापुढं रांग लागायला लागली.

२०१३ चा पाऊस फार होता. ऑगस्टमध्ये आठवडाभर झोडपल्यावर दोन दिवस उघडीप मिळाली आणि सगळा तालुका एकदम फवारणीला निघाला. दुकानात अकरा पॅक चार्जिंगला लागलेले. दुपारची वेळ होती. बशीरभाई नमाजला गेले होते आणि तनवीर एकटाच काउंटरवर होता. बाकावर एक शेतकरी सकाळपासून पंपाची वाट बघत बसला होता, त्यानंच पुढं सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या एका पॅकमधून शिटीसारखा आवाज आला. तनवीरनं तो उचलला आणि दाराबाहेर फेकायला धावला. दारापर्यंत पोहोचायच्या आत तो त्याच्या छातीशी फुटला. आतलं जे काही होतं ते जळतच त्याच्या अंगावर उडालं.

अकोल्याच्या दवाखान्यात तो सहा दिवस होता. नाजिया अमरावतीहून आली तेव्हा त्याच्या तोंडावर कापूस होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

बशीरभाईंनी चाळीस दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा उरलेले लाल टेपचे सगळे पॅक एका खड्ड्यात वाळूखाली पुरले. पंप घेऊन कोणी आलं की ते नकाराची मान हलवायचे. मैनाही आली होती. ती थोडा वेळ बाकावर बसून गेली. नसीमबानोनं, नाजियाच्या अम्मीनं, मुलाचे कपडे एका पेटीत घातले आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही. बशीरभाईंनी मात्र अमरावतीला परत निघालेल्या लेकीला बस स्टँडवर एवढंच विचारलं, "बेटा, तू तं हेच शिकून राहिली. त्यात जळते काय?"

नाजियाला अभ्यासाचं पुस्तक आठवलं. पुस्तकात सेलची आकृती होती, पण जळतं काय हे कुठल्याच आकृतीत नव्हतं.

तो प्रश्न घेऊन ती हरिहर सरांकडे गेली. सर अमरावतीच्या जुन्या भटजी घरातले. वडील पूजा सांगायचे, सर भौतिकशास्त्र शिकवायचे. बोलणं हळू आणि मोजकं. विभागाच्या मागच्या बाजूला त्यांची एक खोली होती. तिथं ते वीस वर्षांपासून कसले तरी पातळ पापुद्रे ओतत बसतात, अशी मुलांत थट्टा चालायची. नाजियाचा भाऊ कसा गेला हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी दार लोटलं, तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "सेलची दोन टोकं असतात आणि मधे एक द्रव. लिथियमचे कण त्या द्रवातून इकडून तिकडे जातात. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात हे तुला माहीत आहे. पण तो द्रव पेट्रोलच्याच जातीचा, हे आम्ही वर्गात सांगत नाही. सेल आत बिघडला आणि तापला, की तोच पेटतो आणि तोच उडतो."

"त्याच्याबिगर सेल चालत नाई, सर?"

"चालायला पाहिजे. त्याच्यासाठीच बसलोय मी इथं."

त्यांनी काचेच्या बशीतून एक पापुद्रा चिमट्यानं उचलून दाखवला. दुधावरच्या सायीसारखा, अर्धवट पारदर्शक. एका जातीच्या प्लॅस्टिकमध्ये लिथियमचं मीठ मुरवून तो केलेला होता. नाजियानं विचारलं, "हा जळत नाही?"

"खोटं कशाला सांगू? ज्योत धरली तर वितळेल, थोडा जळेलही. पण उडणार नाही. कोणाच्या अंगावर शिंपडला जाणार नाही."

नाजिया त्या पापुद्र्याकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी एम.एस्सी. झाल्यावर तिनं त्याच खोलीत पीएच.डी.ला नाव घातलं.

काम ऐकायला सोपं होतं. घन पापुद्र्यातून लिथियम फार रेंगाळत जातं. ते भरभर जावं म्हणून त्यात चिनीमातीच्या जातीची अतिबारीक पूड मिसळायची. कोणती पूड, किती, कशी दळलेली, यात वर्षं जातात. नाजिया पूड खलायची, औषधी वासाच्या द्रवात प्लॅस्टिक आणि मीठ विरघळवायची, दिवसभर ढवळायची, बशीत ओतायची आणि वाळायची वाट बघायची. मग पापुद्रा निर्वात भट्टीत ठेवून उरलासुरला ओलावा काढायचा. मोठ्या प्रयोगशाळांत हे सगळं काम हवाबंद काचपेटीत चालतं, तिथं ओल शिरतच नाही. इथं तशी पेटी नव्हती. सरांनी तीनदा मागणी केली होती, तीनदा कागद परत आले होते. खोलीत झाकणाचं एक जाड काचभांडं होतं, त्यात ओल शोषणारे निळे खडे आणि खड्यांवरच्या जाळीवर पापुद्रे. खडे गुलाबी पडले की पंचफुला मावशी ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करून आणायच्या. मावशी विभागात परिचर होत्या. नाजियाला जेवायची आठवण करून देणं हेही त्यांनी आपल्याच कामात धरलं होतं.

ओमप्रकाश नावाचा एक विद्यार्थी तिच्यासोबतच रुजू झाला होता, वरूडकडचा. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, बोअर आटले, घरची संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली. तो दिवाळीला घरी गेला तो परत आला नाही. त्याच्या टेबलावरच्या बशा नाजियानं धुऊन ठेवल्या. वर्गातूनही मुलं अशीच एकेक कमी होत होती. हजेरी घेताना सर एखाद्या नावापाशी थांबायचे आणि न विचारता पुढं जायचे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी नाजियानं सातव्या मिश्रणाचा पापुद्रा दोन चकत्यांमध्ये दाबून यंत्राला जोडला. पडद्यावर नेहमी एक फुगीर कमान उमटायची; कमान जितकी मोठी तितका आतला अडथळा जास्त. त्या दिवशी कमान जवळजवळ दिसेचना. तिला वाटलं, तार सुटली. तिनं जोड तपासला, पुन्हा मोजलं. दुसरा पापुद्रा लावला. सरांना बोलावलं. सरांनी चष्मा पुसला आणि स्वतः हिशेब केला. जुन्या पापुद्र्यांपेक्षा लिथियम पन्नासपटीनं जास्त सहज जात होतं, आणि तेही गरम न करता, खोलीच्या तापमानाला.

त्या आठवड्यात त्यांनी आणखी चार पापुद्रे केले. चारही तसेच निघाले. सर एरवी फार हसायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी पंचफुला मावशींना कॉलेजजवळच्या हॉटेलातून कचोऱ्या आणायला पाठवलं.

लेख लिहिला गेला, एका चांगल्या नियतकालिकात जानेवारीत छापूनही आला. सरांना पुण्याहून व्याख्यानाचं बोलावणं आलं. अकोल्याच्या एका वार्ताहराला कुठून तरी कुणकुण लागली आणि त्यानं बातमी दिली: 'बाळापूरच्या कन्येने बनवली न जळणारी बॅटरी'. नाजियानं फोनवर बापाला सांगितलं, "बॅटरी नाई अब्बा. बॅटरीतला नुसता एक पडदा हाय. अजून त्याची बॅटरी झालीच नाई." बशीरभाई म्हणाले, "हाव, हाव," आणि कात्रण काचेत मढवून काउंटरच्या मागं लावलं. साडेतीन वर्षांनंतर ते गिऱ्हाइकांशी आपणहून बोलायला लागले. ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी घालता घालता ते लिथियम कसं धावतं ते समजावून सांगायचे, थोडं चूक, थोडं बरोबर.

फेब्रुवारीत ते स्वतः अमरावतीला आले. नवा शर्ट घालून आले होते. खोलीत पाऊल टाकण्याआधी त्यांनी चपला बाहेर काढल्या. सरांनी घाला म्हटलं तरी घातल्या नाहीत. नाजियानं त्यांच्या तळहातावर पापुद्रा ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला, बोटानं ताणून बघितला.

"हे असतं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तं तनवीर आज असता?"

"हाव अब्बा," नाजिया म्हणाली.

तिनं फार विचार केला नाही. त्या क्षणी ते तिला खरंच वाटत होतं.

मे महिना उजाडला. अमरावतीत सावलीतही पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. हवा इतकी कोरडी, की ओठ फुटत होते. पुढचा लेख लिहायचा म्हणून नाजियानं तेच सातवं मिश्रण पुन्हा ओतलं आणि मोजलं. पडद्यावर भली मोठी कमान. तिनं दुसरी बशी ओतली. तेच. मिठाची बाटली जुनी झाली असेल म्हणून नवी फोडली. तेच. सर म्हणाले, पूड नीट दळली गेली नसेल. तिनं तीन दिवस खलून नवी पूड केली. तेच. पन्नासपट कुठं नाहीशी झाली, कळेना.

एका दुपारी निळ्या खड्यांचं भांडं उघडून मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात हे खडे महिनामहिना निळेच रायतेत, बाई. पावसाळ्यात मले दर दोन दिवसाले भाजा लागतेत."

नाजियाच्या हातातला चिमटा तिथंच थांबला. पहिले सगळे पापुद्रे ऑगस्टमधले होते. त्या महिन्यात रोज वीज जायची, निर्वात भट्टी मधेच बंद पडायची, आणि वीज आली की ती पुन्हा सुरू करून पुढं चालायचं, असंच चाललेलं. मनात आलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि पुढचा दीड महिना ती पावसाची वाट बघत होती, तो पडू नये असं वाटत असताना.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. नाजियानं मेमधला एक कोरडा पापुद्रा भांड्यातून काढून काट्यावर ठेवला: दोनशे बारा मिलिग्राम. यंत्रावर मोजला: मोठी कमान. मग तो उघड्या बशीत खिडकीपाशी ठेवून दिला आणि तिथंच बसून राहिली. बाहेर पाऊस, आत ओला वारा. दोन तासांनी पुन्हा वजन केलं: दोनशे एकवीस. यंत्राला जोडला. कमान गेली. पडद्यावर ऑगस्टमधली तीच रेघ आली, ज्या रेघेवर लेख छापला होता, जिच्यासाठी कचोऱ्या आणल्या होत्या.

नऊ मिलिग्राम पाणी. डोळ्यातल्या थेंबाहूनही कमी. त्यांची पूड काही विशेष करत नव्हती. हवेतलं पाणी पापुद्र्यात शिरून लिथियमला वाट करून देत होतं. आणि ओला पापुद्रा नुसता निरुपयोगी नव्हता, धोक्याचाही होता. बॅटरीतल्या लिथियम धातूला पाणी लागलं की त्यातून पेटणारा वायू सुटतो. तो पडदा कोणी विश्वासानं बॅटरीत घातला असता, तर काय झालं असतं, हे तिच्याहून जास्त कोणाला कळणार होतं?

तिनं ते दोन आकडे वहीत लिहिले आणि वही सरांपुढं ठेवली. सरांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "परत करून दाखव."

तिनं दुसरा पापुद्रा काढला. या वेळी वजन सरांनी स्वतः केलं. दोन तास दोघं समोरासमोर बसले. मावशींनी आणून ठेवलेला चहा तसाच राहिला. दुसऱ्यांदाही तेच झालं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आपण वीज गेल्याची नोंद ठेवायला पाहिजे होती," ते म्हणाले. "मी तुला सांगायला पाहिजे होतं."

"सर, चूक माई हाय. भट्टी मीच लावत होती."

"लेखावर पहिलं नाव तुझं असेल, पण जबाबदार म्हणून सही माझी आहे. नियतकालिकाला पत्र मी लिहितो. लेख मागे घेतो आहोत, असं लिहितो. कारणही लिहितो." मग ते म्हणाले, "तुला अजून तीन वर्षं लागतील कदाचित. पहिल्यापासून. चालेल का, हे विचारायचाही मला हक्क नाही."

पुढच्या जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत जगानं त्यांची दखल घेतलेली ती एकच गोष्ट होती. पत्र त्यांनी त्याच दिवशी पाठवलं. पुण्याचं व्याख्यान रद्द केल्याचंही कळवलं. विभागात बातमी पसरायला वेळ लागला नाही. "हरिहररावांनी पावसाचं पाणी मोजलं म्हणे," असं कोणीतरी स्टाफरूममध्ये म्हणालं आणि लोक हसले. सर तिथंच बसून डबा खात होते. त्यांनी डबा संपवला, धुतला आणि वर्गावर गेले.

नाजियाला आता बाळापूरला जायचं होतं. आठ दिवस तिनं टाळलं. मग एका रविवारी गेली. बशीरभाई दुकानात एकटेच होते. तिनं बाकावर बसून सगळं सांगितलं, सरळ, न थांबता. पूड, भट्टी, वीज, मे महिना, खिडकी. ते ऐकत होते आणि हातातल्या फडक्यानं एकच बॅटरी पुन्हा पुन्हा पुसत होते. जन्मभर बॅटरीत पाणी घातलेला माणूस; विभागातल्या कोणाहीपेक्षा ते त्यांना लवकर समजलं.

"किती पानी?"

"नऊ मिलिग्राम."

"थेंबभर?"

"थेंबभरही नाई अब्बा. त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं."

"आन तेवढ्यानं काटा हलला." त्यांनी मान हलवली. "मंग हे सांगा लागते लोकायले."

"सरांनी कळवलं. जिथी छापलं होतं तिथी."

"पेपरवाल्यानं?"

"त्यालेही सांगतलं. तो म्हने, अशी बातमी कोणी वाचत नाई."

बशीरभाई उठले. काउंटरच्या मागची काच त्यांनी खिळ्यावरून काढली आणि पालथी करून खाली ठेवली. मग परत बसायच्या ऐवजी ते तिथंच, लेकीकडे पाठ करून उभे राहिले.

"मी त्या पॅकले हात लावून पायला होता," ते म्हणाले.

नाजियाला आधी कळलंच नाही, ते कशाबद्दल बोलताहेत.

"नमाजले जायच्या आंधी. कोपऱ्यातला. गरम लागला मले. तनवीर म्हने, अब्बा काढून ठेवू का? मी म्हनलं, होऊ दे, मानूस सकायपासून बसला हाय, त्याची गाडी चुकन." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी हे तुया अम्मीले नाई सांगतलं. कोनालेच नाई."

चार वर्षं हे त्यांच्या पोटात होतं. नाजियाला काहीतरी बोलायचं होतं, जे लेकीनं बोलावं असं. पण तिच्या तोंडून निघालं ते हे: "किती गरम?"

बोलल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. बशीरभाईंनी मात्र प्रश्न ऐकला तसाच घेतला. त्यांनी वळून स्वतःच्या तळहाताकडे बघितलं आणि विचार करून उत्तर दिलं.

"हात ठेवता येत होता. पन ठेवावासा वाटत नव्हता."

नाजिया उठून त्यांच्याजवळ गेली. ते लहान मुलासारखे रडले नाहीत, की तिच्या खांद्यावर डोकंही ठेवलं नाही. दोघं काउंटरला टेकून उभे राहिले. समोरून दुपारच्या गाड्या जात होत्या. कपाशीवर गुलाबी बोंडअळीनं तोंड काढल्याची बोलणी ऐकू येत होती. पंप घेऊन माणसं अकोल्याच्या दिशेला चालली होती. थोड्या वेळानं बशीरभाई म्हणाले, "तू जेवली का?" आणि दोघं घरी गेले.

त्यानंतर ते अमरावतीबद्दल कोणाशी बोलले नाहीत. नाजियाला मात्र दर रविवारी फोन करून विचारायचे, "आता कोरडं हाय ना?" ती म्हणायची, "हाव." २०१८ च्या फेब्रुवारीत एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते छातीला हात लावून खाली बसले. शेजारचे गोवर्धन टायरवाले त्यांना गाडीत घालून अकोल्याला निघाले, पण वाटेतच संपलं.

जूनमध्ये सर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या वह्या नाजियाला दिल्या. खोली दुसऱ्या कामाला लागणार होती. पंचफुला मावशींनी हट्ट करून तिच्यासाठी कोपऱ्यातलं एक टेबल राखून ठेवलं. त्या टेबलावर नाजियानं पुढची दीड वर्षं काढली. वीज गेल्याची प्रत्येक वेळ तिनं वहीत लिहिली. पापुद्रे मार्च ते मे या तीन महिन्यांतच ओतले, प्रत्येक पापुद्रा मोजण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवला. शेवटी जे हाती आलं ते लहान होतं: पूड योग्य प्रमाणात असली तर पापुद्रा सहापट बरा होतो, आणि तोही गरम केल्यावर. पन्नासपट नाही. त्यावर बॅटरी होत नाही. पण तो आकडा मेमध्ये आणि जुलैमध्ये सारखाच येत होता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मागे घेतलेल्या लेखाबद्दल विचारलं. नाजियानं खिडकीपाशी ठेवलेल्या पापुद्र्याची गोष्ट सांगितली. परीक्षकांनी काही शेरा न मारता पुढचा प्रश्न विचारला. मागच्या बाकावर हरिहर सर बसले होते, खूप वाळलेले, मांडीवर कापडी पिशवी. त्यांच्या बाजूला नसीमबानो होती. तिला एक शब्द कळत नव्हता, तरी ती पदर सावरून शेवटपर्यंत ताठ बसून होती. परीक्षा संपल्यावर तिनं सरांना डब्यातला शिरा दिला. सरांनी तो तिथंच उभ्यानं खाल्ला.

दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं नाजियाला दोन वर्षांसाठी बोलावलं. तिथं हवाबंद काचपेट्या होत्या, चार की पाच. सरांनी पत्र वाचून म्हटलं, "जा." नसीमबानोनंही म्हटलं, "जा. मी रायते." पण त्या महिन्यात नाजियानं पाहिलं होतं, की अम्मी सकाळी दोन कप चहा मांडते, एक स्वतः पिते, आणि दुसरा गार झाल्यावर मोरीत ओतून कप धुऊन ठेवते. विचारलं तर म्हणते, सवय. नाजियानं त्या पत्राला आठ दिवसांनी नकार कळवला. कारण लिहिलं: घरगुती.

आता ती अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायमच्या जागा भरणं बंद आहे, कधी सुरू होईल कोणाला माहीत नाही. सकाळी सव्वासहाची एसटी धरते, दुपारी परतते. दुकानाची जागा एका मोबाइलवाल्यानं भाड्यानं घेतली. सेलच्या धड्यावर आली, की ती फळ्यावर आकृती काढते, दोन टोकं, मधे द्रव, आणि खडू खाली ठेवून मुलांना सांगते, "हा द्रव पेट्रोलच्या जातीचा आहे. हे लिहून घ्या." पुस्तकात ते अजून नाही. मुलं लिहून घेतात.